चार बोटांची कांडी

कडुलिंबावरून लोंबणारी ती दोरी ज्या सकाळी जमिनीला टेकली, त्या सकाळी मलप्पाच्या हातात विळा होता.

दोरी म्हणजे गुळवेलीची मुळी. चार वर्षांपूर्वी मलप्पानं बांधावरची ही वेल बुडापासून तोडली होती. मनगटाएवढं बूड, चार घावांत तुटलं. दुसरी एखादी वेल आठ दिवसांत वाळून काडी झाली असती. ही मात्र लिंबाच्या फांद्यांना धरून वरच राहिली. पानं झडली, वरची साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडली, पण नखानं खरवडलं की आत हिरवीगार. पुढच्या पावसाळ्यात तिनं दोन पुरुष उंचीवरून सुतासारखी एक मुळी खाली सोडली. मलप्पानं ती विळ्यानं तोडली. त्याच्या पुढच्या साली पुन्हा सोडली, त्यानं पुन्हा तोडली. तिसऱ्या वर्षी त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. आणि यंदाच्या श्रावणात ती टेकली. टोकाशी ओल्या मातीत पांढरे बारीक तंतू फुटले होते.

मलप्पानं विळा उचलला, जरा वेळ तसाच धरला आणि खाली घेतला. गवत कापायला आला होता. गवत कापून घरी गेला.

घरी रत्नम्मा फोन धरून दारातच उभी होती. "नांदेडहून उमाशंकरचा फोन आलता," ती म्हणाली. "संगप्पा महाराज येणारेत. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, प्रसादाच्या कीर्तनाला."

मलप्पानं भारा खाली टाकला. उंबऱ्यावरच बसला.

"अवो, आत तरी या! चिखल करलालाव सगळा."

चिखलाकडं त्याचं लक्ष नव्हतं. "आनखी काय म्हणला?"

रत्नम्मानं पदराला हात पुसले. तिचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं. जे सांगायला जड जाईल ते सांगण्याआधी ती "अय्यो शिवा" म्हणायची. आताही म्हणाली. "म्हणला, काका-काकूला माझा शरणार्थ सांगा. अन् म्हणला, मृदंगाला नांदेडचा मन्मथ म्हणून कुणी हाय, त्याला सोबत घेऊन येलालाव. आईनंच ठरवलंय."

"बरं हाय," मलप्पा म्हणाला. आणि बराच वेळ त्याच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर एक जुना ठेका वाजवत राहिली. त्याला ते ठाऊकही नव्हतं.

*

औशापासून तीन कोसांवरच्या या गावात संगप्पा आणि मलप्पा एका गल्लीत वाढले. एकाला गळा मिळाला, दुसऱ्याला हात. गळ्याचा संगप्पा महाराज झाला. शिवनाम सप्ताहात उभा राहून त्यानं पहिलं नमन आळवलं, की मांडवाबाहेर विडी ओढणारेसुद्धा विडी विझवून आत यायचे. कीर्तन ऐकण्याचं सुख ज्यानं घेतलंय त्याला वेगळं सांगायला नको. चांगला कीर्तनकार बोलता बोलता गायला कधी लागला ते कळत नाही, आणि गाता गाता आपल्या मनातलं आपल्यालाच कधी सांगून गेला तेही कळत नाही. संगप्पा त्यातला होता. लातूर म्हणू नका, निलंगा म्हणू नका, पार हिमायतनगरपर्यंत बोलावणी यायची. आणि कुठंही गेला तरी उजव्या अंगाला मृदंग मलप्पाचा.

एकतीस वर्षं. कीर्तनकार श्रोत्यांकडं तोंड करून उभा राहतो, म्हणून एवढ्या वर्षांत मलप्पानं संगप्पाचं तोंड कमी आणि पाठच जास्त पाहिली. पण ती पाठ त्याला पाठ होती. मानेची डावी शीर ताठली की चाल चढणार, खांदा जरा उतरला की संगप्पा थांबून दृष्टांत सांगणार. संगप्पाला मागं वळून मलप्पाला खूण करावी लागलेली कुणी पाहिली नाही. चारचौघांत तो त्याला 'महाराज' म्हणायचा. एसटीत शेजारी बसले की 'संग्या'.

आणि मृदंगाची कणिक. मृदंगाच्या डाव्या तोंडावरच्या चामडी पुडीला ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय तिला आवाज नसतो. नुसती थाप मारली तर रिकाम्या डब्यासारखी वाजते. ही कणिक एकतीस वर्षं संगप्पाची बायको शिवकांता मळून द्यायची. बाहेरगावी जायचं तर पिशवीत पीठ वेगळं बांधून द्यायची आणि वर बजावायची, "भावजी, पाणी बेतानं घाला. तुमचा हात सढळ हाय."

हात सढळ होता, हे खरंच होतं.

*

मलप्पाच्या घरात कुणी वैद्य नव्हतं. पण त्याच्या आज्यापासून बांधावरच्या लिंबावरची गुळवेल गावाला तापासाठी दिली जायची. लिंबावर चढलेली वेल लिंबाचा गुण घेते, म्हणून तिचा मान मोठा. देण्याची रीत ठरलेली होती. आदल्या सांजेला वेलीपाशी जाऊन कुंकू लावायचं, चार तांदूळ ठेवायचे आणि आवतन द्यायचं. "उद्या तुला न्यायला येतो, अमक्याला बरं करायचंय." अमक्याचं नाव घ्यायचं. सकाळी कुणाशी न बोलता कांडी तोडायची. आणि कांडी केवढी? तर ज्याला ताप आहे त्याच्याच हाताची चार बोटं जुळवून जेवढी रुंदी भरेल तेवढी. लेकराला लेकराच्या बोटांची, म्हातारीला म्हातारीच्या. सात दिवस द्यायची. आठव्या दिवशी वेलीला हात जोडायचे आणि विसरायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या सालच्या उन्हाळ्यात संगप्पाला ताप चढला. गल्लीत बांबू आडवे लावले होते. त्याचा लेक उमाशंकर नांदेडला विष्णुपुरीत, कॉलेजात शिकवायला. त्याला येता येईना. शिवकांता तोंडाला पदर बांधून एकटी सगळं करत होती. आपले म्हणवणारे फोनवर रडायचे आणि फोन ठेवायचे. मलप्पा मात्र रोज सकाळी बांबूखालून वाकून यायचा, गुळवेलीच्या काढ्याचा पितळी डबा ओट्यावर ठेवायचा, कडी वाजवायचा आणि पंधरा पावलं मागं जाऊन विजेच्या खांबाशी उभा राहायचा. खिडकीत संगप्पा दिसायचा. काढा प्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि डबा उपडा धरून दाखवायचा. बस्स. एवढीच भेट.

आठव्या दिवशी ताप उतरला. पण आवाज उतरलेलाच राहिला. खिडकीतून "मल्ल्या" म्हणायचा तर अर्धं नाव श्वासातच विरायचं. मलप्पाला वाटलं, ताप गेला तर गेला, गळा गेला तर? त्यानं आठव्या दिवशी हात जोडले नाहीत. पंधरा दिवस केले, तीन आठवडे केले. डबाही सकाळ-संध्याकाळ नेऊ लागला.

आणि माप? माप घ्यायला संगप्पाचा हात हातात घ्यावा लागला असता. ते तर बंद होतं. मग मलप्पानं आपल्याच हाताचं घेतलं. मृदंग वाजवून वाजवून फळीसारखा रुंद झालेला पंजा तो. आणि एका संध्याकाळी, संगप्पा खिडकीत नुसता खोकत राहिला ती संध्याकाळ, त्यानं चार बोटं सोडून पुरी वीत धरली. तेव्हापासून वीतच धरत राहिला.

बेचाळिसाव्या दिवशी संगप्पाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

लातूरच्या दवाखान्यात एकोणीस दिवस काढावे लागले. लिव्हरला सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, नेमकं कशानं झालं ते छातीठोक सांगता येणार नाही, पण तो काढा आधी बंद करा. एवढं शिवकांताला पुरलं. दवाखान्याच्या फाटकात ती मलप्पासमोर उभी राहिली. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून म्हणाली, "भावजी, तुम्ही भरवशानं ईख पाजलंत. ह्या लिंगाची आण घेऊन सांगते. इथून पुढं तुमच्या हातचं पाणीबी माझ्या घरात येणार न्हाई."

मलप्पानं खाली मान घातली. मापाची गोष्ट ओठांवर आली होती. बाहेर आली नाही. पुढं चार वर्षं ती तिथंच राहिली.

संगप्पा जगला. उमाशंकर त्याला आणि आईला नांदेडला घेऊन गेला. गावातल्या घराला कुलूप लागलं. आणि मलप्पानं कुऱ्हाड घेऊन वेलीचं बूड तोडलं.

*

सप्ताह बसला. मलप्पा रोज जायचा, पण मांडवात नाही. चपला ठेवायच्या जागी एक फुटका कट्टा होता, त्यावर बसायचा. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "मलप्पा काका, तुमी अन् हितं?" तो म्हणाला, "चपला लई चोरीला जायल्यात म्हणं." दुसऱ्या दिवसापासून लोक सवयीनं त्याच्याकडं चपला सोपवू लागले.

घरी मृदंग खुंटीला होता. दर सोमवारी तो उतरवायचा, गवसणी काढायचा, पुसायचा, उजव्या पुडीवर एखादं बोट वाजवायचा आणि पुन्हा चढवायचा. डाव्या पुडीला चार वर्षांत ओल लागली नव्हती. प्रसादाच्या आदल्या दिवशी रत्नम्मानं भाकरी थापता थापता विषय काढला.

"मी म्हणते, मृदंग न्यावा उद्या. मी नेते, लुगड्यात गुंडाळून. कुणाला कळतंय? म्हणीन गाठोडं हाय."

"एवढं मोठं गाठोडं?"

"म्हणीन माहेरला चाललेय."

मलप्पाला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. "नको. त्येंनी माणूस ठरवलाय. आन् कणिक कुठंय?"

"माझे हात काय मोडलेत? मळून देते की कणिक."

"तुझी सैल असतीय."

रत्नम्मानं भाकरी तव्यावर आपटली. "चाळीस वर्षं ह्याच कणकेच्या पोळ्या खाल्ल्यात, तवा न्हाई सैल लागली! सरळ सांगा ना, वैनीच्या हातचीच पायजे म्हणून."

खरं काय ते तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे त्यालाही कळत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "चार सालं झाली. भेटून हात जोडा अन् मोकळं व्हा. मनात काय धरून बसलाव, ते मला तर सांगा."

"मांडवाबाहेरनं ऐकायला मिळंल," मलप्पा म्हणाला. "तेवढं बास हाय मला."

पण ते बास नव्हतं. त्याला ती पाठ पाहायची होती. मानेची शीर ताठताना पाहायची होती आणि ती ताठली की आपला हात पडायला हवा होता. देवाकडं त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं. तेही मागायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटायचं.

*

श्रावणातला शेवटचा सोमवार. सकाळी दहाला नांदेडची गाडी देवळापाशी थांबली. आधी मन्मथ उतरला. तिशीचा, चुणचुणीत, नट-बोल्टचा नवा मृदंग काखेत. मग उमाशंकर, मग शिवकांता. शेवटी लेकाच्या खांद्यावर हात ठेवून संगप्पा.

मलप्पा कट्ट्यावरून उठला आणि खांबाआड गेला.

माणूस अर्धा झाला होता. मान काठीसारखी, कपाळावरचं भस्म सुरकुत्यांत उतरलेलं. चपला काढताना त्यानं कट्ट्याकडं पाहिलं, रिकाम्या जागेकडं जरा वेळ पाहिलं आणि आत गेला. शिवकांतानं त्याच्या चपला उचलून स्वतःच कडेला ठेवल्या.

देवळामागच्या पत्र्याच्या शेडखाली प्रसादाचा स्वयंपाक चालला होता. पुऱ्यांच्या तेलाचा वास मांडवभर होता. टाळ वाजले. मन्मथनं मृदंग जुळवला. हात चांगला होता त्याचा, मलप्पाला मान्य करावं लागलं. तयारी होती, बोल स्वच्छ होते. फक्त जरा भरभर पडत होते, पुढं कुठली तरी गाडी पकडायची असल्यासारखे.

संगप्पानं नमन धरलं.

खांबाआड मलप्पानं डोळे मिटले. आवाज होता. बारीक झालेला, कडा झिजलेल्या, पण तोच होता. दुसऱ्या ओळीला चाल चढायची तिथं तो चढवायला गेला, श्वास पुरला नाही. मन्मथचा मृदंग पुढं निघून गेला. संगप्पानं पुन्हा धरलं, पुन्हा मृदंग पुढं. पोराचा दोष नव्हता. तो समोरच्या लोकांकडं बघून वाजवत होता. पाठ वाचायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

संगप्पानं हात वर केला. टाळ थांबले.

"मायबापहो," तो म्हणाला, "गायचा दम न्हाई राहिला. निरूपण तर लांबच. एक गोष्ट सांगतो आन् बसतो. ऐकाल ना?"

मांडव "हाव महाराज" म्हणाला.

"एक माणूस आजारी पडला. सालच तसलं व्हतं. गल्लीत चिटपाखरू न्हाई. देवळाला कुलूप. अशात रोज सकाळी एक जण त्याच्या दाराशी डबा घेऊन यायचा. आत गुळवेलीचा काढा. कडू असा की प्यालं की कानातनं पाणी यावं." लोक हसले. "आठ दिवसांत ताप गेला. आजाऱ्याला कळलं, औषधाचं काम संपलं. पंधरा दिवसांनी पोट ढवळायला लागलं. तीन आठवड्यांनी अन्नाचा वास सोसंना. तरी तो माणूस पीत राहिला. डबा उपडा करून दाखवत राहिला. कामून?"

शेडमधल्या बायकाही लाटणं थांबवून दाराशी आल्या.

"कामून की, बास म्हणलं असतं तर दुसऱ्या दिवशी डबा आला नसता. आन् डबा आला नसता, तर डबा आणणारा कशाला आला असता? दिवसभरात एक माणूस दिसायचा हो. पंधरा पावलांवर खांबापाशी उभा. त्याला बघायची किंमत म्हणून प्यायलो मी ते. पोट धरून पडलो तरी बायकोला म्हणलं, अशक्तपणा हाय. पुढं नाव कुणावर आलं, ते गावाला ठाऊक हाय. आन् मी लबाड माणूस, घरात खोटा ठरंन म्हणून चार सालं गप बसलो."

संगप्पाचा श्वास लागला. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

कीर्तनात मध्ये बोलायचं नसतं. ही रीत मलप्पाला जितकी ठाऊक होती तितकी मांडवात कुणालाच नसेल. तरी तो खांबाआडून बाहेर आला.

"महाराज!"

सगळ्या माना वळल्या. एक म्हातारा पुटपुटला, "अरे, कीर्तन चालू हाय." मलप्पानं हात जोडले.

"महाराज, माप चुकलं. रोग्याच्या बोटांचं घ्यायचं असतंय. मला तुमचा हात मिळंना, तर मी माझ्या हाताचं घेतलं. तेबी पुरं वाटंना, तवा चार बोटांची वीत केली. सात दिवसांचे एकेचाळीस केले. आवाज जाईल म्हणून भ्यालो व्हतो. वैनी म्हणल्या ईख पाजलं. वेल चांगली व्हती, ईख मी केलं तिचं. फाटकात सांगायला पायजे व्हतं. धीर झाला न्हाई."

शेडमधलं तेल कढताना ऐकू येऊ लागलं.

बायकांच्या पुढच्या ओळीत शिवकांता बसली होती. ती उठली. एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा लांब चपलांपाशी उभ्या असलेल्या मलप्पाकडं. रडते की भांडते, कुणाला सांगता आलं नसतं.

"एकाला पाजायचं कळंना," ती म्हणाली, "आन् एकाला नको म्हणायचं कळंना. आन् मी मधी येडी, चार सालं ताटावर बसले की रडायले."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. शिवकांता पदर खोचून सरळ शेडकडं चालू लागली. उमाशंकर "आई, आई" करत मागं निघाला, तिनं त्याला हातानंच बसवलं.

ती परत आली तेव्हा तिच्या तळहातावर कणकेचा गोळा होता. पुऱ्यांच्या परातीतली कणिक चालत नाही, तीत मीठ-तेल असतं. म्हणून तिनं वेगळं पीठ घेऊन चार थेंब पाण्यात मळून आणला होता. तो मलप्पाच्या हातात दिला नाही. मृदंगापाशी गेली, मन्मथच्या पुढ्यात सतरंजीवर अलगद ठेवला आणि कुणाकडंही न बघता म्हणाली, "माझी आण माझ्या घरापुरती हाय. हा देवाचा मांडव हाय. इथं कुणी वाजवावं आन् कुणी न्हाई, ते सांगणारी मी कोण?"

आणि आपल्या जागी जाऊन बसली.

मन्मथ शहाणा होता. त्यानं गोळ्याकडं पाहिलं, मान वर करून मलप्पाकडं पाहिलं आणि मृदंगावरून हात काढून बाजूला सरकला. "या काका," म्हणाला. "माझं लावलेलं काढून टाका खुशाल."

चपलांपासून मृदंगापर्यंत वीसेक पावलं असतील. लोकांनी पाय आखडून वाट दिली. मलप्पा बसला. नखानं जुनी कणिक खरवडली. शिवकांतानं दिलेला गोळा बोटांनी दाबून पाहिला. ना सैल, ना घट्ट. त्याचं मन भरून आलं, आणि मन भरलं की त्याचा हात सढळ व्हायचा, तसा आताही झाला. सबंध गोळा पुडीवर ठेवायला निघाला होता. तिथंच थांबला. निम्मा तोडला आणि बाजूला ठेवला. कणिक जास्त झाली की मृदंग गरजतो, आणि आज गरजणाऱ्या मृदंगाखाली तो बारीक आवाज बुडून गेला असता.

एक थाप मारली. ऐकली. अजून चिमूटभर काढली.

संगप्पा मागं वळला नाही. एकतीस वर्षांत वळला नव्हता. फक्त मानेची डावी शीर ताठली.

मलप्पाचा हात पडला.

नमन पहिल्यापासून झालं. जिथं श्वास तुटत होता तिथं मृदंग थांबत होता, दारात उभं राहून कुणाची चप्पल घालून व्हायची वाट बघावी तसा. श्वास परत आला की सोबत चालू लागत होता. दोनच कडवी झाली. तिसऱ्याला संगप्पानं हात जोडले. एवढं अधुरं नमन त्या गावात कधी झालं नव्हतं, आणि ते संपल्यावर बराच वेळ कुणाला 'हर हर महादेव' म्हणायचं सुचलं नाही.

*

प्रसाद झाला. उमाशंकरला दुसऱ्या दिवशी कॉलेज होतं, दोनला निघायचं ठरलं. गावातलं घर उघडलं नाही. शिवकांतानं नुसतं लांबून कुलूप पाहिलं. रत्नम्मानं तिला बांगडी धरून थांबवलं आणि हळदीकुंकू लावलं. दोघी काय बोलल्या ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. निघताना शिवकांता मलप्पाला म्हणाली, "येतो भावजी." या म्हणाली नाही. नांदेडला या, असंही म्हणाली नाही. आण होती ती होतीच.

संगप्पा मागच्या सीटवर बसला. काच खाली होती. मलप्पा शेजारी उभा.

"दम लई कमी झालाय रे, मल्ल्या."

"हाव."

"पुढच्या साली उभं राहता येईल का, सांगता येत न्हाई."

"बसून करू," मलप्पा म्हणाला. "बसून कीर्तन करू नये असं कुठं लिव्हलंय?"

संगप्पा हसला. मग त्यानं उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि चार बोटं जुळवून पुढं धरली.

"घे माप. तवा राहिलं व्हतं न्हवं?"

"काही माप-बिप नको!" पुढच्या सीटवरून शिवकांता कडाडली. "पुन्हा काढ्याचं नाव जरी काढलं तर दोघांना इथंच सोडून जाईन!"

"काढा कुठं मागलालो? नुसतं माप."

मलप्पानं खिशातून प्रसादाच्या हाराचा दोरा काढला. बोटांना लावला. हात केवढा हलका झाला होता. मुळात लहानच होता म्हणा, मृदंगवाल्याच्या पंज्याच्या निम्मा. चार बोटांची रुंदी जेमतेम तीन इंच भरली. त्यानं तिथं गाठ मारली. हात मात्र लगेच सोडला नाही. गाडी सुरू झाली तेव्हा सोडावा लागला.

संध्याकाळी तो बांधावर गेला. रत्नम्माही मागोमाग आली, गवताचं निमित्त करून. मुळी त्या सकाळपेक्षा ताठ वाटत होती, वरची वेल तिला धरून उभी असल्यासारखी. मलप्पानं खिशातला दोरा काढला, वेलीवर धरून पाहिला. एवढीशी कांडी. एवढीच लागणार होती.

"कुणाला द्यायचीय?" रत्नम्मानं विचारलं.

"कुणालाच न्हाई."

"मग माप कशाला?"

त्यानं दोरा पुन्हा घडी करून वरच्या खिशात, गळ्यातल्या लिंगाजवळ ठेवला. रत्नम्मानं ते पाहिलं. तिनं भारा डोक्यावर घेतला आणि निघता निघता म्हणाली, "उद्या मृदंगाला कणिक मळून देते. घट्ट."

"बरं," मलप्पा म्हणाला. "पण थोडीच."